छापलेल्या पोलादाच्या पोटातला खरखरीतपणा

लेझरने धातूची भुकटी थरावर थर वितळवून घडवलेला, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगने छापलेला भाग हाताला खरखरीत लागतो, हे हा भाग हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; मात्र तो सगळीकडे सारखा खरखरीत नसतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. भुकटीचे कण साधारणतः १५ ते ४५ मायक्रॉनचे असतात आणि वितळलेल्या रसाच्या कडेला टेकलेले कण अर्धवट वितळून तिथेच चिकटून राहतात. तिरप्या बाजूंवर थरांच्या पायऱ्या उमटतात. सर्वांत वाईट अवस्था होते ती खाली तोंड असलेल्या बाजूची, कारण तिच्याखाली घन धातूऐवजी सैल भुकटी असते. भुकटीतून उष्णता नीट वाहून जात नाही आणि रस खाली ओघळतो. म्हणूनच ड्रॉइंगवर सरसकट एकच ‘आरए’ (पृष्ठभागाच्या सरासरी खरखरीतपणाचा आकडा) लिहिणे मला अर्धवट काम वाटते.

प्लास्टिकच्या वस्तू घडवणाऱ्या मोल्डसाठी (साच्यांसाठी) मरेजिंग पोलादाचे, म्हणजे तापवून कठीण होणाऱ्या निकेलयुक्त पोलादाचे, इन्सर्ट (साच्यात बसवायचे तुकडे) छापतात, ते मुख्यतः त्यांच्या पोटातून वळणे घेत जाणाऱ्या थंड पाण्याच्या वाटांसाठी. बाहेरच्या बाजूचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे: थोडे मटेरियल जास्तीचे ठेवावे, सुमारे ४९० अंश सेल्सिअसला एजिंग (पोलाद कठीण होण्यासाठी भट्टीत तापवून ठेवणे) करण्यापूर्वी मिलिंग उरकावे आणि कठीण झालेल्या पोलादावर शेवटचे पॉलिश करावे. नुसत्या ब्लास्टिंगवर (पृष्ठभागावर बारीक कणांचा जोरदार मारा करण्यावर) मात्र विसंबू नये. त्याने सुटे कण झडतात आणि टोके बसतात, त्यामुळे आकडा सुधारलेला दिसतो. पण खोल खाचा तशाच राहतात आणि थकव्याची (वारंवार ताण पडून येणारी) भेग तिथूनच निघते.

खरी कसोटी आतल्या वाटांची असते, कारण तिथे ना कटर पोहोचतो ना पॉलिशचा दगड. अपघर्षक कण मिसळलेला लगदा दाबाने आरपार ढकलण्याची पद्धत उपयोगी पडते, तरीही लगदा अरुंद जागी अधिक घासतो, रुंद जागी कमी घासतो आणि तोंडाच्या कडा गोल करून टाकतो. इलेक्ट्रोपॉलिशिंगमध्ये उंचवट्यांवर विद्युतप्रवाह अधिक एकवटतो आणि ते आधी विरघळतात. मात्र वळणदार वाटेत कॅथोड (आत घालायचा ऋण विद्युतअग्र) सर्वत्र सारख्या अंतरावर ठेवणे अवघड असते. त्यापेक्षा मोठ्या व्यासाच्या आडव्या वाटेचा छेद गोल न ठेवता वर निमुळता, थेंबासारखा ठेवला तर छत ओघळण्याचे प्रमाणच कमी होते.

या वाटा आरशासारख्या हव्यात असा आग्रह मी धरणार नाही. थोड्या खरखरीत भिंतीमुळे पाण्यात खळबळ वाढते आणि उष्णता अधिक उचलली जाते. त्याची किंमत वाढलेल्या दाबघटीत आणि साचणाऱ्या क्षारांत मोजावी लागते. पंपाची ताकद आणि पाण्याचा जडपणा पाहूनच किती घासायचे ते ठरवावे. सैल भुकटी मात्र एजिंगपूर्वीच पूर्ण काढावी, कारण भट्टीत ती घट्ट धरली तर मागाहून तो लगदाही आत शिरत नाही.