शाँतलूचा पॅगोडा

फ्रान्समधल्या आंब्वाझला येणारे बहुतेक जण राजवाडा बघतात, लिओनार्दो दा विंचीचं शेवटचं घर बघतात आणि परततात. गावाच्या दक्षिणेला, जंगलाच्या तोंडाशी सात मजली दगडी मनोरा उभा आहे. उंची ४४ मीटर. तिथवर फार थोडे पोचतात याची मला मनापासून खंत वाटते.

हा मनोरा म्हणजे शाँतलूच्या शातोच्या, म्हणजे सरदारी वाड्याच्या, बागेतली एक वास्तू. पंधराव्या लुईचा बलाढ्य मंत्री, ड्यूक द श्वाझल, इथला मालक. राजाची प्रेयसी मादाम द्यु बारीशी त्याचं वाकडं होतं. डिसेंबर १७७० मध्ये त्याचं मंत्रिपद गेलं आणि त्याला शाँतलूला हद्दपार केलं गेलं. राजाची मर्जी उतरलेल्या माणसाच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही, ही दरबारातली रीत. श्वाझलकडे मात्र पाहुण्यांची रीघ लागली. राजाचा रोष पत्करून माणसं आली.

१७७४ मध्ये लुई वारला, हद्दपारी संपली. मग श्वाझलने लुई-दनी ल काम्यू या वास्तुविशारदाकडून १७७५ ते १७७८ या काळात हा पॅगोडा बांधून घेतला, केवळ त्या माणसांचे आभार मानायला. आत संगमरवरावर त्यांची नावं कोरली. विजयाची स्मारकं मी खूप पाहिली आहेत. पडत्या काळात भेटायला आलेल्यांचं स्मारक हे एकच.

लांबून तो चिनी वाटतो, जवळ गेलं की तळाशी सोळा खांबांचा अगदी फ्रेंच घाटाचा गोल सोपा दिसतो. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा अरुंद. १४९ पायऱ्या चढताना भिंती दोन्हीकडून जवळ येत जातात. वर गेल्यावर अर्धचंद्राकृती तळं, जंगलात शिरणारे सरळसोट रस्ते आणि लुआर नदीचं खोरं दिसतं. मुख्य शातोचा मागमूस नाही.

यातले काही दगड ला बुर्देझिएरच्या शातोचे. तो श्वाझलनेच विकत घेऊन पाडला होता. पुढे त्याच्या स्वतःच्या शातोवरही तीच पाळी आली, हे मला वर उभं असताना सारखं आठवत होतं. १७८५ मध्ये तो कर्जात मेला. ती कर्जं फेडण्यासाठी त्याची पत्नी मठात जाऊन साधेपणाने राहिली. (तिचं नाव इथे ठळक असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.) मालमत्ता ड्यूक द पेंतिएव्रने घेतली, क्रांतीनंतर ती रसायनशास्त्रज्ञ शाप्तालकडे गेली आणि १८२३ मध्ये जुने वाडे फोडून दगड विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती पडली. त्यांनी शातो पाडला. पॅगोडा वाचला तो पेंतिएव्रच्या नातवाने, म्हणजे पुढे राजा झालेल्या लुई-फिलिपने, विकत घेतल्यामुळे. १९०८ ते १९१० दरम्यान त्याची नीट डागडुजी झाली.

शातोतलं काही फर्निचर आणि चित्रं तूर शहराच्या कला संग्रहालयात आहेत. आधी ती पाहा आणि मग पॅगोडा चढा; पाडलेल्या दालनांचा थाट डोळ्यांसमोर उभा करायला त्यांची फार मदत होते.