अलिबागहून आलायस का?

‘या वयात हे सगळं कशाला?’ हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतो. विहीणबाई चहाचा कप पुढे करताना विचारतात, सलूनवाला वस्तरा हवेत थांबवून विचारतो, ऑफिसातला जुना सोबती फोनवर विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या गुडघ्यांवर येतो. आजवर मी ‘वेळ जातो हो’ म्हणून सुटत आलो. ते खोटं आहे. वेळ घालवायला अलिबागला समुद्र आहे, आणि समुद्राकडे पाठ करून बाकांवर बसणारी आमच्या वयाची मंडळीही आहेत. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

१९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि त्याच वर्षी मी मुंबईत एका कचेरीच्या हिशेब विभागात चिकटलो. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क म्हणाले, ‘ही रक्कम सस्पेन्सला टाक.’ मी विचारलं, ‘सस्पेन्स म्हणजे काय, साहेब?’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘काय रे, अलिबागहून आलायस का?’

मी खरोखरच अलिबागहून आलो होतो. म्हटलं, ‘हो.’

पुढची पाच मिनिटं त्या विभागात काम झालं नाही. मुंबईत हे वाक्य बावळटाला उद्देशून टाकतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. (२०१९ मध्ये आमच्याकडच्या एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी आणा म्हणून थेट उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा एकंदर सूर. बरोबरच आहे, पण न्यायमूर्ती कुठे माझ्या टेबलावर बसले होते?)

त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं आणि मान डोलवायला शिकलो. ‘कळलं’ या अर्थाची एक, आणि ‘हे तर मला आधीच ठाऊक होतं’ या अर्थाची, डोळे किंचित मिटून, दुसरी. दुसरी जास्त चालते. या दोन मानांवर पस्तीस वर्षं नोकरी झाली, दोन बढत्याही मिळाल्या.

सस्पेन्स खातं म्हणजे काय ते यथावकाश कळलं. आलेली रक्कम कुठल्या खात्याची ते समजत नसेल तर ती तात्पुरती तिथे टाकायची आणि उलगडा झाला की योग्य खात्यात वळती करायची. तात्पुरती म्हणायचं आपलं. काही नोंदी तिथेच म्हाताऱ्या होतात. निवृत्तीची शाल आणि नारळ घेऊन मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या डोक्यातही असं एक खातं तुंबलंय. न कळलेलं, विचारायचं राहिलेलं, मान डोलावून पुढे ढकललेलं. तुम्ही ज्याला ‘हे सगळं’ म्हणता ते एवढंच आहे. मी ते खातं मोकळं करतोय.

पहिली नोंद शाळेच्या काळातली. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. आत एवढं मोठं लोहचुंबक ठेवलंय की खिशातला खिळा ओढून घेतं, अशी आम्हा पोरांत वदंता होती. पण ही वेधशाळा मुंबई-पुणं सोडून आमच्या गावात का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. निवृत्तीनंतर एका विज्ञान दिनाला आत जायला मिळालं तेव्हा विचारलं.

उत्तर ट्राम निघालं. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं घाटत होतं आणि त्या विजेच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतल्या नाजूक सूच्या बिथरल्या असत्या. तिथे १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १८५९च्या सप्टेंबरात सूर्याकडून आलेलं ते जबरदस्त चुंबकीय वादळही तिथल्या नोंदींत उतरलेलं आहे. एवढी लांबलेली नोंदवही ट्रामसाठी बंद कशी करायची? कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. मुंबईपासून फार लांब नाही, ट्रामपासून पुरेशी लांब. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून उठली ती कुलाबा जिल्ह्यात येऊन बसली. इमारतीसाठी लोखंड वर्ज्य. दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला, पारखून पोरबंदरहून आणलेला. १९०४ला इथे मोजणी सुरू झाली, १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी जोडीने चालली, आकडे ताडून झाले आणि मगच कुलाब्याची थांबली. विजेची ट्राम धावली १९०७ला.

जुनी वही मिटण्याआधी नवी वही दोन वर्षं जोडीने लिहायची! मी हिशेबातला माणूस. मला सूर्यावरच्या वादळापेक्षा याचंच कौतुक जास्त वाटलं. आणि हेही वाटलं की मुंबईने १९०४ साली स्वतःहून कबूल केलं होतं, नीट मोजायचं असेल तर अलिबागला जा. हे १९८१ला कुणाला तरी ऐकवता आलं असतं.

दुसरी नोंद मात्र इभ्रतीचा पंचनामा होऊन मोकळी झाली. कुलाबा किल्ला आमच्या किनाऱ्यासमोर भर पाण्यात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी. सासुरवाडची आठ माणसं आली होती. मी छाती काढून म्हटलं, चला, मी इथलाच. गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर बसून भेळ खाल्ली आणि उतरलो तर वाट गायब. पाणी मांडीपर्यंत. मेहुण्याची पँट, सासूबाईंचं नऊवारी, कुणाचा तरी मोबाईल. किनाऱ्याला लागल्यावर मेहुण्याने पायाची वाळू झटकत फक्त एवढंच विचारलं, ‘काय भावोजी, अलिबागहून आलात का?’

दुसऱ्या दिवशी दारात मासळीवाली मावशी आली. बांगडे निवडता निवडता मी विचारलं, ‘मावशी, भरती कधी लागणार ते तुम्हाला घड्याळ न बघता कळतं कसं?’

‘त्यात कलायचं काय? तिथी घ्यायची न् पाऊन करायची.’

माझी मान सवयीने डोलली. डोळे किंचित मिटून, दुसरी मान. मावशी टोपली उचलायला वाकल्या आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘नाही कळलं. परत सांगा.’

त्या हसल्या नाहीत. टोपली खाली ठेवली आणि बोटांवर सांगितलं. चवथ असली की चारची पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमी असली की सहाला. दुपारचं तसंच रात्रीचं. ‘न् अष्टमीला भांग, पानी वर पन नाय चढत न् मागं पन नाय जात. तुमी कवा गेलेलाव?’ मी सप्तमी सांगितली. त्यावर मावशींनी जे बघितलं ते हेडक्लार्कच्या चष्म्यावरून बघण्यासारखंच होतं, पण का कुणास ठाऊक, लागलं नाही.

मी वही घातली. महिनाभर तिथी, मावशींची वेळ आणि छापील तक्त्यातली वेळ असे तीन रकाने. अमावास्येला आणि पौर्णिमेला आमच्याकडे भरती बाराच्या आसपास. चंद्र रोज जवळजवळ पन्नास मिनिटं उशिरा येतो, तशी भरतीही मागे पडते. पंधरा तिथींत बारा तास सरकायचं तर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं पडतात. मावशींची पाऊण म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटं गळतात आणि पौर्णिमेपर्यंत बरोबर पाऊण तासाची तूट येते. तूट सापडल्याचा आनंद फक्त हिशेबनीसालाच कळेल. मी धावत जाऊन मावशींना सांगितली.

‘तीन मिंटांसाठी कोन होरी थांबवतंय?’ मावशी म्हणाल्या.

पण त्या ‘पाऊण’ने भलतंच काढलं. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन: ही पाऊणकी मी आजोबांच्या तोंडून ऐकली होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे आजोबांना पाठ. दुकानदार माणूस, रुपयाचे सोळा आणे असताना हे पाढे म्हणजे त्यांचं कॅल्क्युलेटर. १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि पुढच्या वर्षी मी आलो, म्हणजे पाढ्यांची गरज सरत असतानाच. तरी आजोबा संध्याकाळी म्हणून दाखवायचे आणि शेवटी औटकी यायची. एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा. ‘औट म्हणजे रे किती?’ विचारायचे आणि मी मान डोलवायचो. म्हणजे ही विद्या मुंबईची नाही, घरचीच.

औट म्हणजे साडेतीन. शब्द निघाला ‘अर्धचतुर्थ’वरून, म्हणजे चौथा अर्धा. अडीच हा ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. आपण साडेतीन म्हणताना तिनावर अर्धा चढवतो. आजोबा चाराकडे बघत चालायचे आणि अर्ध्यावर थांबायचे. मी हे विहीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘बरं, चहा निवतोय.’ असो.

माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या वह्या होत्या. लाल कापडी बांधणी, एका टोकाला दोरी, वाळवीने कोपरे खाल्लेले. मोडीत लिहिलेल्या, म्हणून घरात कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत. रद्दीत गेल्या नाहीत त्या केवळ आईच्या भीतीने. एका पानावर तिनाच्या आकड्यापुढे दोन उभ्या रेघा दिसल्या: ३॥. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. औट! सबंध पानातलं तेवढंच मला वाचता आलं आणि तेवढ्याने मी दहा दिवसांच्या मोडी वर्गाला नाव घातलं.

वर्गात बहुतेक कॉलेजची पोरं. मोडी दिसते अवघड, पण तिचा कारभार समजला की पटते. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं खाली लटकवत जायची. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही (हे मला फार आवडलं), विरामचिन्हं नाहीत, आणि दोन शब्दांत जागा नाही. ही शेवटची गोष्ट महागात पडते. वर्ग संपल्यावर घरी आजोबांची वही उघडली, भिंग घेतलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे दोन दिवस खपून अक्षरं लावली: जमानकेले. म्हणजे ‘जमा न केले’. माणूस बुडवा निघाला! आडनाव ओळखीचं, त्यांचा नातू अजून गावात आहे. पंधरा दिवस मी त्या नातवाकडे बाजारात तिरकं बघत होतो. मग पुढचं पान लागलं आणि उलगडा झाला. ते होतं ‘जमान केले’. जमान म्हणजे हमीदार, जामीन. त्या भल्या गृहस्थाने दुसऱ्या कुणाचीतरी हमी घेतली होती. मी नातवाला बोलावून चहा पाजला. कशासाठी ते सांगितलं नाही.

आता हातात दुसरी वही आहे. दिवसाला पाऊण पान होतं, डोळ्यांना तेवढंच झेपतं. गेल्या श्रावणात शेवटच्या पानांकडे एक मथळा लागला. पहिलं अक्षर उ की ओ यात सकाळ गेली. मग ‘चं’, मग ‘त’. उचंत. उचंत खाते. खाली बारा-पंधरा रकमा, काहींपुढे नाव नाही, काहींपुढे नुसताच ‘टोपीवाला’, ‘रेवदंड्याची बाई’. कुठे टाकायच्या ते न कळलेल्या रकमा. त्यातल्या दोन पुढे खोडून, ज्याच्या त्याच्या खात्यात वळत्या केलेल्या.

सस्पेन्स. आमच्या माळ्यावर, दोरीने बांधलेलं.

हेडक्लार्क आता नाहीत, आणि माणूस तसा वाईट नव्हता. पण ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं.

अजून माझ्या खात्यात पुष्कळ नोंदी पडून आहेत. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याचीच वेणी बांधतात, लाल कांद्याने काय घोडं मारलं, हे उद्या बाजारात विचारणार आहे. सलूनवाल्याला वस्तऱ्याचं पातं चामड्यावर उलटसुलट का फिरवायचे ते विचारलं, तर तो म्हणतो, ‘काका, आता ब्लेड बदलतो, विषय संपला.’ त्याचा संपला असेल.

विहीणबाईंना किल्ला बघायचाय, त्या मागे म्हणाल्या होत्या. तुम्हीही यायचं तर या. परवा द्वितीया. बे पाऊण दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, पाणी सगळ्यात मागे गेलेलं असेल. साडेसहाला किनाऱ्यावर भेटू, चपला हातात घ्यायची तयारी ठेवा, भेळ परत आल्यावर.