अर्धा हात

गुरुवार, रात्री साडेदहा

आज सराव संपल्यावर त्याने मला पार्किंगमध्ये गाठलं. "थँक्स फॉर द व्होट, मेट," म्हणाला आणि हात पुढे केला. आमच्या रग्बी लीगच्या क्लबात प्रॉप खेळतो, म्हणजे समोरच्या फळीतला दणकट गडी, पंजा फावड्याएवढा. माझा हात मनगटापर्यंत त्यात गेला. मी "नो वरीज" म्हणालो, गाडीत येऊन बसलो, पट्टा लावला, आणि मग डोक्यात आलं की मी मत दिलंच नव्हतं.

दिलं होतं का?

हात अर्धा वर गेला होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

मंगळवारची क्लबची कमिटी. आम्ही नऊ जण. आधी कॅन्टीनचा फ्रीज, मग मैदानावरचे दोन बंद पडलेले दिवे, आणि सगळ्यात शेवटी त्याचा विषय. सेक्रेटरीबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, एक सीझन बाहेर बसून झालाय, परत घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. चार हात गेले. माझं कोपर टेबलावर, आणि बोटं कानापर्यंत पोचलेली. मला काहीतरी विचारायचं होतं. शाळेत नाही का आपण बोट वर करायचो, सर एक शंका आहे, तसं. बाई म्हणाल्या "पाच", आणि लिहूनही टाकलं. पाच विरुद्ध चार. लगेच शनिवारच्या सॉसेजची ऑर्डर निघाली. वर गेलेल्या हाताचं काय करायचं कळेना, म्हणून मी कान खाजवला.

शंका काय होती? आता लिहिताना नीट आठवतेय असं वाटतं. पण ती मंगळवारी होती की आज पार्किंगमध्ये सुचली, देव जाणे.

हिला सांगितलं. ही भाजी परतत होती. म्हणाली, "तुमचा हात पूर्ण वर गेलाय कधी?" तेवढंच. पुढे काही नाही. मग डब्यांची झाकणं.

खरं आहे. वीस वर्षं झाली ऑस्ट्रेलियात. ऑफिसात सांभाळून घेणारा, मंडळात हिशेब ठेवणारा, क्लबात खजिनदार. पोरगा सात वर्षांखालच्या टीममध्ये होता तेव्हा संत्र्याच्या फोडी घेऊन जायचो. पोरगा खेळ सोडून मेलबर्नला गेला, मी फोडी सोडून पावतीपुस्तकाला चिकटलो. माझं मत कुणाला लागतं? बिल कधी भरायचं तेवढं विचारतात. आणि नेमकं ज्या दिवशी लागलं, त्या दिवशी मी कान खाजवत होतो. मला स्वतःचीच कीव आली आज. येऊ दे, रोजनिशी त्यासाठीच असते.

पण सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच. विषय निघाला तेव्हा सेक्रेटरीबाईंनी कागद वाचला: रात्रीची वेळ, पब, डिलिव्हरीवाला मुलगा, सायकल, धक्का, मनगट मोडलं. 'इंडियन किड' हे शब्द आले तेव्हा दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही. काळजीनेच पाहिलं, चुलत्याकडे बघावं तसं. तो मुलगा तेलुगू की पंजाबी की आपल्या लातूरचा, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याचं नाव कागदावर नव्हतं. नाव फक्त याचं, जन्मतारखेसकट. मग माझा हात अर्धा वर गेला आणि खोलीतला ताण एकदम उतरला. मला तो उतरलेला कळला. इंडियनाचीच हरकत नाही म्हटल्यावर काय राहिलं?

म्हणजे मी त्याच्या वतीने माफ करून आलो. कुणी वकीलपत्र दिलं होतं मला?

चिरंजीवांना फोन केला. तो हसला. "बाबा, लॉजला ब्रॉन्कोजने खेळवलं, तुमच्या गल्लीतल्या क्लबचं काय घेऊन बसलात!"

मॅथ्यू लॉज, रग्बी लीगचा खेळाडू. ऑक्टोबर २०१५, न्यूयॉर्क. दारूच्या नशेत एका अनोळखी बाईच्या मागे लागला, मग एका इमारतीत घुसून एका माणसाला मारहाण केली. त्या माणसाची बायको आणि मुलगा घरातच होते. गुन्हा कबूल केला, तुरुंग टळला, मग दिवाणी दाव्यात सोळा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरातली रक्कम बसली. आणि २०१८ साली ब्रिस्बेन ब्रॉन्कोजने त्याला पहिल्याच फेरीत उतरवलं. कोगराच्या मैदानात, ८ मार्चला. महिला दिनी! पेपरवाले तुटून पडले, त्या कुटुंबाला अजून पैसेच मिळालेले नाहीत हेही तेव्हाच छापून आलं. मी तेव्हा ऑफिसात तावातावाने बोललो होतो. तरुण आहे, बदललाय, काम करून खाऊ द्या, असं समोरचा म्हणत होता. मी म्हणत होतो, खाऊ दे की, फरशा बसव, ट्रक चालव, टीव्हीवर कशाला? तेव्हा माझा हात पूर्ण वर होता. लांबच्या माणसाविरुद्ध काय जातं आपलं.

आणि टॉड कार्नी? तिथे कुठे गेला होता तावातावाचा माणूस? पोरगा गोलबर्नचा. दारू, गाड्या, तोडफोड. २००८ साली कॅनबराच्या क्लबने हाकलला. कोर्टाने त्याच्या स्वतःच्याच गावातून वर्षभर तडीपार केला. २००९ साली पार वर क्वीन्सलंडात, अ‍ॅथर्टन नावाच्या गावात, पबमध्ये काम आणि तिथल्याच टीमकडून खेळ. पुढच्या वर्षी सिडनी रूस्टर्सने उचलला आणि २०१० सालचं डॅली एम पदक याच्या गळ्यात. वर्षातला सगळ्यात चांगला खेळाडू! दुसरी संधी म्हणजे काय, तर ही, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. २०११ साली परत हाकलला. मग क्रोनला क्लब. तिसरी संधी.

२०१२ ची ऑरिजिनची, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड सामन्यांतली, तिसरी मॅच मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ब्रिस्बेन, न्यू साउथ वेल्स दोन गुणांनी मागे, पार साइडलाइनवरून त्याने किक मारली आणि वीस-वीस. मी सोफ्यावर उभा होतो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, लुंगी सावरत, सोफ्यावर. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काठी आपटली. त्या क्षणी मला गोलबर्न आठवलं नाही, मोडलेल्या गाड्या आठवल्या नाहीत. काही मिनिटांत क्वीन्सलंडच्या क्रॉन्कने चाळीस मीटरवरून ड्रॉप गोल मारला आणि एकवीस-वीसने आम्ही हरलो. हरल्यावर मात्र सगळं आठवलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तसंच झालं.

त्याला शेवटचा हाकलला तो २०१४ साली, टॉयलेटमधल्या एका गलिच्छ फोटोपायी. त्यात दुसऱ्या कुणाचं काही मोडलं नव्हतं. मोडली ती क्लबची अब्रू. तीच फार महाग निघाली.

बेन बार्बाचं तर बोलायलाच नको. २०१२ चा पदकवाला, २०१६ चा विजेता. विजयाचा गुलाल उतरायच्या आत कोकेन सापडलं, मग फ्रान्स, इंग्लंड, तिथेही मान-सन्मान, आणि २०१९ साली नव्या टीमकडून एकही मॅच खेळायच्या आत टाउन्सव्हिलमधल्या कसिनोचं ते कॅमेऱ्यातलं प्रकरण. सोबतीणीवर हात. एनआरएलने, म्हणजे इथल्या रग्बी लीगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या कारभाऱ्यांनी, कायमचा बंद केला. बंद करणारे एनआरएलचे तेव्हाचे मुख्य ग्रीनबर्ग आधी त्याच्याच जुन्या क्लबचे मुख्य होते. त्याच वर्षी नियमही आला: अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा आरोप लागला की निकाल लागेपर्यंत बाहेर, पगार चालू. यावर चिरंजीवांशी वाद झाला असता, पण त्याचं जेवण आलं दारात. सायकलवरूनच आलं असणार. मी विचारलं, टिप दिलीस का? म्हणाला, बाबा, अ‍ॅपवर असते.

रसेल पॅकर म्हणून एक होता. मार्टिन प्लेसला एकाला पडल्यावर मारलं, २०१४ साली दोन वर्षांची शिक्षा झाली, आत अभ्यास सुरू केला, बाहेर आल्यावर सेंट जॉर्जने घेतला. त्याच्याबद्दल मला राग येत नाही. का येत नाही? तुरुंगात गेला म्हणून? की पुस्तकं वाचली म्हणून? पुस्तकाला आमच्या घरात फारच भाव.

दादानेही आत असताना काही वाचलं असतं तर. असो. तो विषय नको.

झोप येत नाहीये. शंका काय होती ते मात्र आता पक्कं झालंय. उशिरा का होईना.

क्लबच्या भिंतीवर, बारच्या बाजूला, खेळाच्या इतिहासाची एक चौकट आहे. हा खेळ वेगळा कसा झाला ते त्यात आहे. २९ ऑगस्ट १८९५, इंग्लंडात हडर्सफील्ड, जॉर्ज हॉटेल. उत्तरेकडचे क्लब जमले आणि रग्बीच्या मोठ्या संघटनेतून फुटून निघाले. भांडण कशावरून? खाणीतले, गिरणीतले कामगार शनिवारी खेळायला यायचे, त्यांची मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणून. इंग्रजीत त्याला 'ब्रोकन टाइम' म्हणतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, हे तर खाडे!

इचलकरंजीत अण्णा मागावर होते. पिकावर मजुरी, जेवढं कापड तेवढे पैसे. माग थांबला की पैसा थांबला. दादाची कबड्डी बघायला अण्णांनी आयुष्यात एकदाच खाडा केला, फायनलला. आई दोन दिवस बोलली नव्हती. दादाने त्या दिवशी एका चढाईत तिघांना बाद केलं आणि अण्णा मातीत उतरून नाचले. पुढे त्याच दादाला मंडळाने काढला, आणि काढल्यावर परत घ्यायचा की नाही त्याची बैठक आमच्याच सोप्यात झाली, अण्णा मधोमध बसलेले. अण्णांचा हात... नको.

तर शंका अशी होती. तो सायकलवाला मुलगा. मनगट मोडलं म्हणजे दीड महिना प्लास्टर. डिलिव्हरीवर पैसे, नग पोचला तर पैसे. मागासारखंच. त्याच्या दीड महिन्याच्या खाड्यांचं काय झालं? कुणी दिले? याने दिले, कोर्टाने द्यायला लावले, की कुणीच नाही? हा आख्खा खेळ बुडालेल्या मजुरीवरून उभा राहिला, भिंतीवर चौकट लावलीय काचेची, आणि त्या चौकटीखाली बसून आम्ही नऊ जणांनी हे विचारलं नाही. आठ जणांचं सोडा. मला माहीत होतं. माझं बोट कानापाशी होतं.

समजा विचारलं असतं. "हो, दिले," म्हणाले असते तर मी हात पूर्ण वर केला असता? बहुतेक. "नाही" म्हणाले असते तर? गेल्या पाच मॅचेस हरलोय आम्ही, समोरच्या फळीत वजनच नाही. खरं सांगायचं तर तेही डोक्यात होतंच. थोडंसं. कानाच्या वर नाही, पण होतं.

शनिवार, संध्याकाळ

हरलो. २८–१०. त्याचं क्लिअरन्स आलेलं नाही, म्हणून तो बाकावर, पाण्याच्या बाटल्या भरत होता. दुसऱ्या हाफमध्ये पाऊस. कांदा परतायला माझी पाळी, डोळ्यांतून धार, आणि लोकांना वाटलं मॅचमुळे. एक आजी येऊन पाठीवर थोपटून गेल्या.

मॅच संपल्यावर तो फीच्या टेबलाशी आला. खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, परत मोजल्या. सगळे नव्हते. हप्त्याने चालेल का, म्हणाला. खाली बघत. जवळून पाहिलं तर बावीसएक वर्षांचं पोर, हनुवटीवर ब्लेड लागलेलं, चिकटपट्टी. तीन हप्ते बांधून दिले. हिला सांगितलं तर म्हणेल, दुसरी संधीसुद्धा इन्स्टॉलमेंटवर! म्हणू दे.

पावती फाडताना विचारायला तोंड उघडलं होतं मी. अगदी उघडलं होतं. मागे रांग होती, पाऊस होता, कांदा जळत होता. (कारणं चांगली आहेत, ठेवून देतो.) त्याने पावती घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली, नीट, एखादं सर्टिफिकेट ठेवावं तशी. "सी यू थर्सडे," म्हणाला. मी मान हलवली. पूर्ण हलवली.

मग स्थळप्रतीवर शेऱ्याच्या रकान्यात, हाताला लागलेल्या सवयीने, मराठीत लिहिलं: पहिला हप्ता, बाकी दोन. आणि त्याच्याखाली, पेन उचलायच्या आत: खाडे कोण देणार? गुरुवारी विचारणे.

सेक्रेटरीबाई मागून डोकावल्या. काय लिहिलंय, म्हणाल्या.

"इन्स्टॉलमेंट्स," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं.