"कागदपत्रं इथे आल्यावर करू" म्हणणारी शाळा

मागे एका रविवारी मामलेदारला मिसळ खायला बसलो होतो, मी आणि माझ्या मावशीच्या बिल्डिंगमधली एक मुलगी, ऐरोलीहून खास भेटायला आलेली. इंग्लिशमधे बीए, मग बीएड, आता दोन वर्षं घणसोलीच्या एका शाळेत शिकवतीये. पहिला घास घ्यायच्या आधीच तिने मोबाईल पुढे केला, ताई हे बघ ना, ऑफर लेटर आलंय, बँकॉकचं. मी म्हटलं आधी खा, रस्सा गार होईल. पण खाता खाता मीच वाचायला लागले आणि नाकाडोळ्यातून पाणी आलं ते नुसतं तिखटाने नव्हे.

लेटरवर भला मोठा लोगो, सोनेरी बॉर्डर, शाळेचा पत्ता म्हणाल तर नुसतं शहराचं नाव. मेल जीमेलवरून. पगार 'अप टू' अमुक हजार बाट, म्हणजे नक्की किती ते देव जाणे. जॉइनिंग ताबडतोब. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, व्हिसा आणि वर्क परमिटचं इथे आल्यावर बघू. अगदी हीच ओळ मी २०१७ मधे वाचली होती आणि चला बरं झालं, एक कटकट गेली म्हणून खूश झाले होते. तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या घरात पेढे वाटलेले आईने.

म्हणून हे लिहितीये. माझ्याकडे वर्षातून चार-पाच जण तरी येतात हाच प्रश्न घेऊन, परदेशात इंग्लिश शिकवायला जायचंय, शाळा चांगली आहे की नाही कसं ओळखायचं. सगळे फोटो दाखवतात. स्विमिंग पूल, स्मार्ट बोर्ड, युनिफॉर्ममधली गोड पोरं. अगं पूल बघून काय करणारेस, तू पोहायला चाललीयेस का. माझं मत आता पक्कं झालंय, शाळा बघूच नये, शाळेच्या ऑफिसात कागद कोण करतं ते बघावं. पगाराची फाईल, व्हिसाची फाईल कुठल्या बाईच्या टेबलावर असते आणि ती बाई तुमच्या कंटाळवाण्या मेलला कसं उत्तर देते, यावर सगळं ठरतं.

माझं काय झालं ते सांगते. मी थायलंडला गेले एका एजन्सीतर्फे, नाव नाही घेत. टुरिस्ट व्हिसावर या, मग आम्ही बदलून देऊ म्हणाले. आता थायलंडमधे परदेशी माणसाला शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि त्यावर वर्क परमिट, माझ्या वेळी ते निळं छोटं पुस्तक असायचं, त्यात तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याचं नाव आणि कामाची जागा लिहिलेली. शिवाय शिक्षकांची जी कौन्सिल आहे, खुरुसफा म्हणतात, तिचं लायसन्स नाहीतर तात्पुरती सूट. टुरिस्ट म्हणून जाऊन शिकवणं हा तिथे सरळ सरळ गुन्हा आहे, आणि पकडली जाते ती टीचर, एजन्सीवाला नाही. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पगार यायचा पांढऱ्या पाकिटात, कॅश. मला वाटायचं गावाकडची पद्धत असेल.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी को-ऑर्डिनेटरचा मेसेज, उद्या येऊ नकोस, इन्स्पेक्शन आहे. वर एक स्मायली. मी दिवसभर खोलीत बसून होते, पंखा चालू, दार बंद, आणि खालून कोणाची बाईक थांबली तरी पोटात गोळा. मी ठाण्याच्या शाळेत शिकवायचे तेव्हा इन्स्पेक्शन म्हटलं की आम्ही फळ्याला रंग द्यायचो, वर्गात तक्ते लावायचो, आणि इथे इन्स्पेक्शनच्या दिवशी टीचरलाच लपवत होते!

मग एकदा व्हिसासाठी लाओसला पाठवलं, सवन्नाखेतला. थायलंडच्या सीमेवरच्या मुकदाहानहून बसने मेकाँगवरचा पूल ओलांडला की आलंच, तिथल्या थाई कॉन्सुलेटमधे अर्ज टाकायचा, तेव्हा बरेच शिक्षक तसंच करायचे आणि कागद खरे असतील तर त्यात चूक काही नव्हती. रांगेत उभी असताना वेळ होता म्हणून मी फाईल उघडून बघितली तर आतल्या पत्रावर भलत्याच शाळेचं नाव. मी तिथे कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. रांगेतून बाहेर आले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून आधी रडले, मग बाबांना फोन केला. बाबा म्हणाले परत ये, बाकीचं नंतर बघू. आले परत. एक महिन्याचा पगार बुडाला तो बुडालाच.

दुसऱ्यांदा गेले ती सहा महिन्यांनी, आणि ती शाळा दिसायला म्हणाल तर अगदीच साधी, पत्र्याचं शेड असलेलं मैदान, वेबसाईट धड उघडायची नाही. पण तिथल्या ऑफिसातल्या बाईने पहिल्याच मेलमधे दोन पानांची यादी पाठवली. डिग्री, मार्कशीट, पोलिसांचं सर्टिफिकेट, फोटो किती आणि कुठल्या साईझचे. आणि खाली स्पष्ट लिहिलं, मुंबईत नॉन-बी व्हिसा मिळाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नकोस. तिला सगळे 'पी' म्हणून हाक मारायचे, थाईमधे मोठ्या भावंडाला तसं म्हणतात, म्हणजे आपली ताईच. ती पी अत्यंत खडूस होती. फोटोची बॅकग्राऊंड पांढरी नव्हती म्हणून तीन वेळा परत पाठवले तिने. मी तिच्या हाताखाली दोन वर्षं राहिले आणि एकदाही पगार एक दिवस उशिरा आला नाही.

तर आता मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की शाळेला कंटाळवाणे प्रश्न विचारा. वर्क परमिटवर नाव शाळेचं असेल का एजन्सीचं. कॉन्ट्रॅक्ट १२ महिन्यांचं का १० महिन्यांचं, कारण थायलंडमधे शाळा मेच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, मग एजन्सीवाले मार्च-एप्रिलचा पगारच देत नाहीत, आणि भाडं तर बारा महिने भरायचंय. प्रोबेशन किती. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टमधे ते बरोब्बर ११९ दिवसांचं होतं आणि मला वाटलं टायपिंगची चूक, नंतर कळलं की तिथल्या कामगार कायद्यात सलग १२० दिवस काम झालं की काढून टाकताना भरपाई द्यावी लागते, म्हणून ११९. आठवड्याला तास किती हे विचारताना वर्गातले तास वेगळे आणि शाळेत थांबायचे तास वेगळे विचारा, सकाळी साडेसातला गेटवर उभं राहून पोरांना गुड मॉर्निंग म्हणणं हे कोणी तासात धरत नाही. आणि मधेच नोकरी सोडली तर काय, कारण व्हिसा त्या शाळेलाच बांधलेला असतो, नोकरी गेली की व्हिसाही गेला.

उत्तर काय येतं यापेक्षा विचारल्यावर समोरचा चिडतो का ते बघा. चिडला की समजायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथून नुकत्याच सोडून गेलेल्या टीचरशी बोलायला मागा. आत्ता असलेली टीचर बॉसच्या शेजारी बसून फोन घेते, तिचं काय ऐकायचं.

मोठं नाव म्हणजे सेफ असं बरेच जण धरून चालतात, तेही काही खरं नाही. जपानमधे नोव्हा नावाची इंग्लिश क्लासेसची चेन होती, तिथली सगळ्यात मोठी, गल्लोगल्ली शाखा. ऑक्टोबर २००७ मधे दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ४ हजार परदेशी शिक्षक पगाराविना लटकले, कित्येकांचं घर कंपनीनेच दिलेलं होतं, म्हणजे डोक्यावरचं छप्परही जायची वेळ. त्याआधी काही महिने पगार उशिरा येत होते. उशिरा पगार हीच पहिली बातमी असते, बाकी पेपरात नंतर येतं.

आपल्यासाठी अजून एक भानगड आहे, जी कोणी एजंट सांगत नाही, ती म्हणजे पासपोर्टचा रंग. कोरियात इंग्लिश कॉन्व्हर्सेशन शिकवायचा जो ई-२ व्हिसा आहे तो ठराविक ७ देशांच्या लोकांसाठी, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताबरोबरच्या व्यापार करारामुळे शिक्षकाची डिग्री असलेल्यांना सरकारी शाळेत असिस्टंट म्हणून जायची एक अरुंद वाट आहे, पण खासगी क्लासमधे नाही. मग वाशीच्या एखाद्या टॉवरमधला एसी ऑफिसवाला तुम्हाला सोलच्या क्लासमधे चिकटवतो म्हणाला तर तो थापा मारतोय, इतकं साधं आहे. जपानमधे तुमचं शिक्षण १२ वर्षं इंग्लिश मीडियममधे झालंय का ते बघतात. उच्चार वगैरे गोष्टी नंतरच्या, आणि हो, आपल्याला गोऱ्यांपेक्षा कमी पगार मिळतो हे खरंय, मला चीड यायची, अजून येते, पण आपलं बीएड तिथे खरोखर वजनदार ठरतं, टेफल म्हणजे इंग्लिश शिकवायच्या नुसत्या १२० तासांच्या ऑनलाईन कोर्सपेक्षा कितीतरी जास्त.

गल्फमधे गोष्ट वेगळी. दुबईतल्या खासगी शाळांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट केएचडीए नावाचं सरकारी खातं ऑनलाईन टाकत आलंय, आउटस्टँडिंगपासून वीकपर्यंत शेरे, सीबीएसईच्या शाळांचेसुद्धा. जुने असले तरी वाचा. आणि तिथल्या कायद्यात भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायला बंदी आहे, त्यामुळे शाळेच्या नावाने कोणी प्रोसेसिंग फी मागितली की तिथेच थांबायचं.

इकडच्या एजंटचं तर फार सोपंय. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाकडचं रजिस्ट्रेशन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, लायसन्स नंबर टाकून बघा. आणि त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात, पावतीसकट. बँकॉकचं लेटर देणाऱ्या एजंटने या मुलीकडे ८५ हजार मागितले होते, जीपेवर, स्वतःच्या नावाच्या अकाऊंटला. मी विचारलं लायसन्स नंबर काय, तर म्हणे ताई त्याच्या ऑफिसात भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय ना फ्रेम करून.

मला ओरडायचं नव्हतं, पण थोडी ओरडलेच. कारण आता नुसते पैसे बुडण्याची गोष्ट राहिली नाहीये. जुलै २०२४ मधे थायलंडने भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय यायची सूट दिली, तेव्हापासून 'आधी या मग बघू' म्हणणाऱ्यांचं फावलं. आणि थायलंडमधे नोकरी म्हणून नेलेली आपली पोरं म्यानमारच्या सीमेपलीकडे सायबर फ्रॉडच्या कंपाऊंडमधे अडकली, मार्च २०२५ मधे हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरच्या मे सॉटहून ५०० हून जास्त लोकांना परत आणावं लागलं. त्यातल्या कित्येकांच्या हातातही असंच एक छान लेटर असणार.

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, पण मला जायचंय गं. मी म्हटलं जा ना, मी कुठे नको म्हणतीये, मला स्वतःला अजून तिकडच्या पोरांची आठवण येते.

एजंटला तिने त्याच रात्री चार प्रश्न पाठवले. उत्तर आलं, मॅडम विश्वास नसेल तर सीट दुसऱ्याला देतो. दे म्हणावं, खुशाल दे.

मग तिने स्वतःच शोधून एका शाळेला थेट मेल केला, तिकडच्या जिल्ह्याच्या गावातली, बँकॉक नाही. पगार कमी, पण १२ महिन्यांचा. आणि मागितल्यावर त्यांनी सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या एका फिलिपिनो टीचरचा नंबर दिला. चाळीस मिनिटं बोलली ती तिच्याशी आणि मला व्हॉइस नोट पाठवली, ताई ती बाई फारच तक्रारी करत होती गं, कँटीनमधे रोज तेच सूप, झेरॉक्स मशीन कायम बंद, प्रिन्सिपल मीटिंग लांबवतो. मला वाटलं निगेटिव्हच आहे सगळं. मी म्हटलं अगं पगाराबद्दल काही बोलली? नाही. व्हिसाबद्दल? नाही, ते वेळेवर व्हायचं म्हणाली. मग झालं तर. झेरॉक्स मशीनवर चिडायला ज्या बाईला वेळ आहे तिचा पगार वेळेवर येत होता.

आता कागदांची पळापळ चालू आहे तिची. डिग्री आधी मंत्रालयातून अटेस्ट, मग परराष्ट्र खात्याकडे, त्यापुढे दूतावासाचा शिक्का लागतो का ते त्या शाळेलाच विचारायला सांगितलंय. पोलीस क्लिअरन्सचे ५०० रुपये भरून झालेत, गुरुवारी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट. काल रात्री अकराला मेसेज, ताई शाळेने फोटो परत पाठवला, बॅकग्राऊंड ऑफ-व्हाईट आहे म्हणे, किती खडूस लोक आहेत.

मी तिला हसणारा इमोजी पाठवला आणि राम मारुती रोडवरच्या फोटोवाल्याचा नंबर दिला.