तुम्ही विचारलंत म्हणून: ती चित्रं एवढी काळोखी का?

बरोक चित्रांचा (म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपच्या चित्रांचा) विषय काढला की कोणीतरी विचारतंच, ती बायबलमधली माणसं सगळी अंधारात का बसलेली असतात आणि तुला त्यात एवढं काय दिसतं. एकच चित्र सांगते.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६६० चं चित्र आहे. येशूला पकडून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र मागोमाग अंगणात आलाय आणि एक दासी त्याच्या तोंडापुढे मेणबत्ती धरून म्हणतेय, हा पण त्यांच्यातलाच. तो म्हणतो, मी नाही ओळखत त्याला. आता गंमत बघा, ज्योत आपल्याला दिसतच नाही, दासीनं पुढे हात धरलाय, बोटांच्या कडा तेवढ्या लालसर (लहानपणी लाइट गेली की आई वाऱ्याला असाच हात आडवा धरून दिवा न्यायची, तिची बोटं अश्शीच दिसायची), आणि त्या झाकलेल्या ज्योतीचा सगळा उजेड पेत्राच्या चेहऱ्यावर, त्याच्या फिकट झग्यावर. खोटं बोलणारा माणूसच उजेडात उभा आहे! आणि तरी चेहरा लबाडाचा नाहीये हो, दमलेल्या, घाबरलेल्या म्हाताऱ्याचा आहे, मला तर तो आपल्या घरातला कोणी वाटतो.

येशू कुठे? उजवीकडे, पार मागे काळोखात, इतका पुसट की पहिल्यांदा मला सापडलाच नाही. तो मान वळवून पेत्राकडे बघतोय. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात आहे ना, येशूनं आधीच सांगितलं होतं की कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील, आणि तसंच झालं, कोंबडा आरवला आणि प्रभूनं वळून पेत्राकडे पाहिलं, ते हेच.

हे अंधाराचं वेड युरोपभर पसरवलं ते रेम्ब्रांटच्या आधीच्या इटालियन चित्रकारानं, काराव्हाज्जोनं. तो कॅनव्हासला आधी गडद तपकिरी रंगाचं अस्तर देऊन त्यावरच रंगवायचा, म्हणजे काळोख आधीपासून असतो, उजेड नंतर येतो. रोमच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये त्याचं मत्तयचं चित्र आहे (मत्तय म्हणजे तो जकातवाला, ज्याला येशू शिष्य व्हायला बोलावतो), १६०० च्या सुमाराचं, त्यात जकातवाले पैसे मोजत बसलेत, भिंतीत खिडकी आहे पण उजेड तिच्यातून येतच नाही, येशू ज्या बाजूनं आत आलाय तिकडून येतो. तिथे उजेड म्हणजे हाक. रेम्ब्रांटकडे तसं नाही, तिथे हाक मारणाराच अंधारात आहे.

म्हणून मी पुन्हा पुन्हा पेत्राकडेच येते. त्याला ती नजर अजून दिसलेली नाही, पस्तावून रडणं अजून यायचंय, आपल्याला मात्र ती नजर दिसलीय. दरवेळी वाटतं त्याला सांगावं, अरे मागे बघ.