विंडो ८०, लेव्हल ४०

मे महिन्यात भरदुपारी नागपुरात कुणी कुणाकडे जात नाही. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, खोलीत जेमतेम उजेड. मेंदूचे स्कॅन बघायला याहून चांगली वेळ नाही. रेडिओलॉजिस्ट मुद्दाम मंद उजेडाच्या खोलीत बसतात, कारण करड्या रंगाच्या दोन जवळच्या छटा लख्ख प्रकाशात एकच भासतात. आम्हाला ती सोय ऊन करून देतं.

मी डॉक्टर नाही. संशोधनासाठी आलेल्या, नावं पुसलेल्या स्कॅनची आकडेमोड करते. नातेवाइकांना मात्र हा फरक पटत नाही. धंतोलीतल्या दवाखान्यांतून निघालेली प्रत्येक फिल्म आधी आमच्या ट्यूबलाइटसमोर धरली जाते. "पांढरं काय दिसून राहिलं गं?" मामा विचारतात.

पांढरं म्हणजे काय, हे विंडोवर ठरतं. विंडो म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या आकड्यांच्या पट्ट्याची रुंदी, लेव्हल म्हणजे त्या पट्ट्याचा मध्य. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्यामागे हाउन्सफील्ड एककातला एक आकडा असतो: हवा उणे १०००, पाणी ०, टणक हाड १०००च्याही पुढे. मेंदूचा सगळा संसार मात्र ० ते ८० मध्ये आटोपतो. करडा भाग (ग्रे मॅटर) चाळिशीच्या आसपास, पांढरा (व्हाइट मॅटर) त्याहून थोडा खाली, ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तर. चार हजार एककं पडद्याच्या २५६ छटांत वाटली, तर एकेका छटेच्या वाट्याला पंधरा-सोळा येतात आणि करडं-पांढरं एकमेकांत मिसळून जातं. म्हणून विंडो ८०, लेव्हल ४०. शून्याखाली सगळं काळं, ऐंशीवर सगळं पांढरं.

मग कवटी सपाट पांढरी होते, तिच्यातली बारीक चीर गडप. कवटीला चिकटलेला रक्ताचा पातळ थरही त्या पांढऱ्यात हरवू शकतो. विंडो २००पर्यंत रुंदावली की तो सुटा दिसतो. आकडा एकही बदललेला नसतो. फिल्मवर मात्र दुसऱ्या कुणीतरी निवडलेली विंडो कायमची छापलेली असते, म्हणून मी मामांकडे सीडी मागते.

एमआरआयचा स्वभाव वेगळा. नेहमीच्या एमआरआयला पाण्याचा शून्य वगैरे काही नसतो; मशीन बदललं की आकडे बदलतात. 'ऑटो' दाबावं, तर डोळ्यामागची चरबी चकाकते आणि बिचारा मेंदू काळवंडतो. तिथे हातानेच ओढाओढ करावी लागते.

चित्र गुळगुळीत करणारं बटण मी बंदच ठेवते. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी मशीनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला, तो ८० गुणिले ८० ठिपक्यांत. ओबडधोबड चौकोन, पण मोजलं तेवढंच दाखवणारे. इंद्रधनुषी रंगांशीही माझं पटत नाही; आकडा हळूहळू चढत असतो आणि पिवळ्याचा लाल होताच तिथे सीमारेषा असल्याचा भास होतो.

डाव्या-उजव्याचा घोळ आणखी निराळा. दवाखान्यातलं चित्र पेशंटच्या पायाकडून बघितल्यासारखं, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. संशोधनाची काही सॉफ्टवेअर नेमकी उलट दाखवतात. सेटिंग तपासल्याशिवाय मी बाजूबद्दल तोंड उघडत नाही.

"मग लिहून कावून नाही ठेवत?" मामा म्हणाले.

ठेवतात की. कडेला एवढुसा 'आर'. मामांनी अंगठा ठेवून फिल्म धरली होती, बरोबर त्याच्याच खाली.