तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा भिंतीच्या कुठल्या बाजूला?

युद्धपट संपला की गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: नायक कोण आणि खलनायक कोण, हे पहिल्या पाच मिनिटांतच आपल्या मनात पक्कं कसं होतं? तुम्हीही विचारलंत, म्हणून मला सर्वांत थोर वाटणाऱ्या सुरुवातीबद्दल लिहिते. चित्रपट ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’, साल १९६६, दिग्दर्शक इटलीचा जिलो पोंतेकोर्व्हो. विषय: फ्रेंच राजवटीविरुद्ध अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा.

फ्रेंच पॅराट्रूपर्सच्या ताब्यात एक अल्जीरियन माणूस आहे. उघडं, हडकुळं अंग. छळ आधीच उरकलेला, तो आपल्याला दिसतही नाही. माणसाने लपलेल्या बंडखोरांचा पत्ता सांगून टाकलाय. आता सैनिक त्याच्याशी मऊ बोलतात, कॉफी पाजतात आणि अंगावर फ्रेंच गणवेश चढवतात, कारण कसबाच्या, म्हणजे अल्जीअर्स शहरातल्या जुन्या अल्जीरियन वस्तीच्या, गल्ल्यांत वाट दाखवायला त्यालाच न्यायचंय. एकाएकी तो ओरडत खिडकीकडे धावतो. त्याला धरून पुन्हा उभं केलं जातं.

इथे कुणी विकट हसत नाही, शिवीगाळ नाही. शत्रूला पहिल्याच दृश्यात राक्षस केलं की प्रेक्षकाला विचारच करावा लागत नाही. इथे मात्र ती कॉफीच अंगावर येते. छळ हे या माणसांचं रोजचं कामकाज आहे, हे तिच्यातून कळतं.

मग घरावर छापा. भिंतीमागच्या पोकळीत चौघं दडलीयत: बंडखोर अली ला पॉइंत, एक तरुणी, एक तरुण आणि एक लहान मुलगा. बाहेरून बजावलं जातं की घराला वेढा पडलाय. अलीच्या चेहऱ्यावरून गोष्ट १९५४ मध्ये मागे जाते. अलीने काय केलंय, हे आपल्याला अजून ठाऊकही नाही. तरी आपण त्याचे झालेलो असतो, कारण कॅमेरा भिंतीच्या आत, त्यांच्या श्वासाइतक्या जवळ आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. बाजू संवादांनी ठरत नाही, आपल्याला कुठे उभं केलंय त्यावर ठरते.

चेहऱ्यांची निवडही तशीच. अली झालेला ब्राहिम हगियाग याने पूर्वी कधी अभिनय केला नव्हता. फ्रेंच पॅराट्रूपर्सचा प्रमुख कर्नल मॅथ्यू झालेले जाँ मार्तँ मुरलेले नट, आणि अल्जीरियातल्या युद्धाच्या विरोधात १९६० साली निघालेल्या १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. कर्नल व्यंगचित्र झाला नाही याचं श्रेय मी त्यांनाही देते.

पण या चित्रपटावर माझा जीव आहे तो पुढच्या एका प्रसंगामुळे. अल्जीरियन बायका फ्रेंच वस्तीतल्या कॅफेत बॉम्ब ठेवायला जातात, तेव्हा कॅमेरा तिथल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, आइस्क्रीम खाणाऱ्या लहानग्यावर थांबतो. सुरुवातीला आपली बाजू ठरवून दिलेला दिग्दर्शक इथे आपल्याला त्या बाजूची किंमत बघायला लावतो. हे धाडस फार थोड्या युद्धपटांत दिसतं.